कोरेगावच्या लढाईच्या उरलेल्या खुणा

कोरेगाव भीमा हे शिरूर तालुक्यातले, भीमेच्या डाव्या तीरावरचे गाव. पुण्याहून नगर रस्त्याने जाताना साधारण 30 किलोमीटरवर भीमेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे हवेली तालुक्यातल्या पेरणे गावच्या हद्दीत काळ्या दगडाचा उंच स्तंभ आहे आणि पलीकडे कोरेगाव. 1 जानेवारी 1818 रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्याची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी यांची लढाई झाली ती या पलीकडच्या गावात, तिथल्या गल्ल्यांत आणि नदीच्या पात्रात. स्मारक मात्र अलीकडच्या तीरावर उभे राहिले. त्यामुळे लढाईच्या खुणा पाहायच्या तर स्तंभापाशी थांबून भागत नाही. त्या शिरूरच्या जुन्या छावणीपासून भीमाकाठापर्यंत, सुमारे 40 किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरल्या आहेत. काही जमिनीवर आहेत, काही दगडात कोरलेल्या, काही कागदावर, तर काही लोकांच्या चालीरीतींत.

लढाईचा प्रसंग

31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाने बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज पदरी घेतली. या फौजेचे मोठे ठाणे घोडनदीच्या काठी शिरूरला झाले. पुढे जून 1817 च्या पुणे तहाने पेशव्याचे हात आणखी बांधले गेले. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला खडकीला लढाई झाली आणि नोव्हेंबरच्या मध्यात येरवड्याच्या चकमकीनंतर पुणे कंपनीच्या ताब्यात गेले. बाजीराव साताऱ्याकडे, तिथून उत्तरेस जुन्नरच्या बाजूला फिरत राहिला आणि डिसेंबरअखेर पुन्हा पुण्याच्या रोखाने वळला. पुण्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी शिरूरहून कुमक मागवली.

31 डिसेंबर 1817 च्या रात्री आठच्या सुमारास कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरहून निघाला. वसईच्या तहाला त्या दिवशी बरोबर 15 वर्षे पूर्ण झाली होती. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतले सुमारे 500 शिपाई, पूना ऑक्झिलरी हॉर्सचे अडीचशे ते तीनशे स्वार, मद्रास तोफखान्याच्या दोन सहा पौंडी तोफा आणि 24 गोरे गोलंदाज होते. एकूण संख्या 834. रातभर चालून सकाळी दहाच्या सुमारास ही तुकडी भीमेजवळच्या उंचवट्यावर आली, तेव्हा पलीकडे पेशव्याची सारी फौज दिसली. ती सुमारे 28 हजारांची होती आणि तिच्यात वीस हजार घोडदळ होते. पुण्याची वाट बंद झाली, म्हणून स्टाँटनने कोरेगावात शिरून तिथेच तोंड द्यायचे ठरवले.

पेशव्याकडून अरब, गोसावी आणि कवायती पायदळाच्या प्रत्येकी सुमारे सहाशेंच्या तीन तुकड्या तोफांच्या आणि बाणांच्या आडोशाने नदी ओलांडून गावावर आल्या. या बाजूचे प्रमुख सरदार बापू गोखले, आप्पा देसाई निपाणकर आणि त्र्यंबकजी डेंगळे हे होते. दिवसभर गल्लीगल्लीत लढाई चालली आणि रात्री नऊच्या सुमारास मारा थांबला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या जनरल स्मिथची फौज जवळ येत असल्याच्या बातमीने पेशवा तळ हलवून निघून गेला. स्टाँटननेही 2 जानेवारीच्या रात्री पुण्याकडे निघाल्याचे भासवून शिरूरची वाट धरली आणि जखमींना घेऊन दुसऱ्या दिवशी तो छावणीत पोहोचला. कंपनीचे 275 लोक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पेशव्याच्या बाजूची हानी पाचशे-सहाशेंच्या घरात होती.

स्टाँटन पुण्याला पोहोचू शकला नाही आणि पेशव्याला एवढी मोठी फौज असून ती लहान तुकडी मोडता आली नाही. रणांगणाचा निकाल एवढाच. त्याचे मोल मात्र मोठे ठरले, कारण त्यानंतर बाजीरावाला स्थिर होता आले नाही. 20 फेब्रुवारी 1818 रोजी आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि जूनच्या सुरुवातीला बाजीराव कंपनीचा अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाला.

नदी, गाव आणि वाट

लढाईची पहिली खूण म्हणजे खुद्द भूगोल. ग्रँट डफच्या 1826 मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात कोरेगावचे बारकाईने वर्णन आहे. गाव नदीच्या काठावरच होते, पण पावसाळा सरल्यावर भीमेचा प्रवाह रुंद पात्राच्या थोड्याच भागात उरतो. त्यामुळे घरांपासून पाणी पन्नास-साठ यार्ड दूर होते. गावाभोवती एकेकाळी मातीची भिंत असावी. 1818 मध्ये नदीच्या बाजूने तिला मोठमोठी खिंडारे पडलेली होती आणि पूर्वेची बाजू तर पूर्ण उघडीच होती.

या तीन-चार तपशिलांत त्या दिवसाची सारी हकीकत सामावलेली आहे. भिंत पडकी असल्याने हल्ला करणाऱ्यांना आत शिरता आले. अरबांनी गावातली सर्वांत मजबूत जागा ताब्यात घेतली आणि तिथून त्यांना हुसकावणे जमले नाही. पाणी डोळ्यांसमोर असूनही दोन्हीकडच्या तोफांखाली उघड्या पात्रात उतरणे अशक्य होते. रातभर चालून आलेले शिपाई दिवसभर अन्नपाण्यावाचून लढले. पाणी मिळाले ते अंधार पडल्यावर. तोफाही याच भूगोलाने बसवल्या होत्या: एक शिरूरच्या वाटेवर, दुसरी नदीच्या उतारावर. यातली एक तोफ अरबांनी घेतली आणि तिच्यावरचा अधिकारी लेफ्टनंट चिझम मारला गेला. ती परत घेताना लेफ्टनंट पॅटिन्सन हा सहा फूट सात इंच उंचीचा अधिकारी जबर जखमी झाला. शिरूरला पोहोचल्यावर त्याचा मृत्यू झाला. जखमींना ठेवलेली धर्मशाळाही काही काळ हल्लेखोरांच्या हाती गेली आणि तिथे असिस्टंट सर्जन विंगेट मारला गेला.

लढाईनंतर दोनच दिवसांनी, 3 जानेवारीला, कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन कोरेगावला आला. घरे जळालेली आणि रस्ते माणसांच्या व घोड्यांच्या प्रेतांनी भरलेले त्याने पाहिले. गावात सुमारे 50 मृतदेह होते आणि त्यांतले बहुतेक अरबांचे. शिवाय घाईने उकरलेल्या उथळ खड्ड्यांत 50 देशी शिपाई, 11 गोरे सैनिक आणि दोन अधिकारी पुरलेले होते. लढाईनंतरच्या गावाचे हे सर्वांत जवळचे साक्षीचित्र. ज्यांची घरे जळाली त्या कोरेगावकरांबद्दल मात्र तहात, खलित्यांत किंवा शिलालेखात कुठेच काही येत नाही. दोन फौजांच्या मध्ये सापडलेले गाव हा या लढाईतला तिसरा पक्ष होता, आणि त्याच्या नुकसानीची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आजचे कोरेगाव त्या गावाहून कितीतरी मोठे आहे. पुणे-नगर महामार्ग, सणसवाडी आणि रांजणगावचे कारखाने यांमुळे हा पट्टा दाट वस्तीचा झाला आहे. जुन्या मातीच्या गावाचा आकार नव्या बांधकामात विरून गेला. तरी तीन गोष्टी ओळखू येतात. भीमेचे रुंद पात्र, त्याच्या काठाला लागून असलेली गावठाणाची जागा आणि शिरूरहून येणारी वाट. स्टाँटन चालला तो घोडनदी ते भीमा हा टप्पा आजही नगर रस्त्याचाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली ती दौंडवरून. 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड जंक्शन झाले आणि शिरूर सडकेवरच राहिले. त्यामुळे 1817 ची लष्करी वाट लोहमार्गाखाली न जाता रस्ता म्हणूनच वापरात राहिली.

पेरण्याचा स्तंभ

मानवी हातांनी उभारलेली मुख्य खूण म्हणजे पेरण्याचा स्तंभ. त्याची पायाभरणी 26 मार्च 1821 रोजी झाली आणि पुढच्या वर्षी काम पुरे झाले. चौरस दगडी ओट्यावर, चौकोनी बैठकीवर निमुळता होत गेलेला हा स्तंभ सुमारे 65 फूट उंच आहे. अशी घडण प्राचीन इजिप्तच्या सूच्याकार स्तंभांवरून युरोपात रुळली आणि युद्धस्मारकांसाठी तिकडे सर्रास वापरली गेली. भीमेच्या काठी तिला स्थानिक काळा दगड मिळाला. सपाट नदीकाठावर हा स्तंभ दुरून दिसावा अशीच जागा निवडली होती. पुणे-नगर वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला नव्या सत्तेची जाणीव व्हावी, हा त्यामागचा हेतू.

स्तंभावर इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत लेख आहेत. इंग्रजी लेखात स्टाँटनच्या तुकडीने पेशव्याच्या साऱ्या फौजेला दिवसभर तोंड देऊन कोरेगावचा बचाव केल्याचे सांगितले आहे. तिथला शब्द ‘बचाव’ असा आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मात्र याच लेखात या प्रसंगाची गणना ब्रिटिश सैन्याच्या पूर्वेकडील मोठ्या विजयांत केलेली आहे. मराठीत या वास्तूला रणस्तंभ, जयस्तंभ आणि विजयस्तंभ अशी तीन नावे आहेत. लढाईकडे पाहण्याचे तीन दृष्टिकोन या नावांतच दिसतात.

स्तंभाचे खरे मोल त्यावरच्या नावांत आहे. कंपनीच्या बाजूने मेलेल्या 49 जणांची नावे इथे कोरली आहेत. त्यांपैकी 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ हे पद आहे. हे पद त्या काळी महार पुरुषांच्या नावांना लागे. उरलेल्या नावांत इतर हिंदू जातींचे शिपाई, मुसलमान आणि बेने इस्राएल यांची नावे आढळतात. म्हणजे मुंबईची पलटण एका जातीची नव्हती, पण तिच्यात महारांचा वाटा मोठा होता. साध्या शिपायांची नावे दगडात कोरण्याची रीत त्या काळी दुर्मिळ होती. पेशवाईत ज्यांना अस्पृश्य म्हणून गावकुसाबाहेर ठेवले, त्यांची नावे सार्वजनिक वास्तूवर, मराठी लेखाशेजारी आली. कंपनीचा हेतू स्वतःच्या शौर्याची जाहिरात करण्याचा असला, तरी त्यातून हा दस्तऐवज शिल्लक राहिला.

पेशव्याच्या बाजूने मेलेल्या पाचशे-सहाशेंची अशी यादी स्तंभावर नाही. अरब, गोसावी, मराठे, जे कोणी त्या पात्रात आणि गल्ल्यांत पडले, ते आकड्यापुरतेच उरले. स्मारक जिंकणाऱ्या सत्तेने बांधले असल्यामुळे ते एका बाजूचीच नावे सांगते. स्तंभ वाचताना ही मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. स्तंभाच्या देखभालीसाठी 1824 मध्ये लढाईत जखमी झालेल्या खंडोजी जमादार यांची नेमणूक झाली होती. लढलेल्याच माणसाकडे स्मारकाची राखण सोपवली गेली.

शिरूरची छावणी आणि सत्पुरुष

लढाईची सुरुवात आणि शेवट दोन्ही शिरूरला झाले. रात्री आठला तुकडी निघाली ती इथून आणि जखमींना घेऊन परतली तीही इथेच. घोडनदी या जुन्या नावानेही हे गाव ओळखले जाते, आणि नदीकाठावरची लष्करी छावणी ही त्याच्या वाढीची मोठी पायरी होती. पुणे तहानुसार 1817 मध्ये उभी राहिलेली पूना ऑक्झिलरी हॉर्स ही घोडदळाची तुकडी इथल्याच तळाशी जोडलेली होती.

छावणीच्या काळातली सर्वांत वेगळी खूण कर्नल विल्यम वॉलेसची कबर. वॉलेस हा 1803 च्या असईच्या लढाईत ब्रिगेडचा नेता होता. 1809 मध्ये शिरूरला त्याचा मृत्यू झाला. कोरेगावच्या लढाईशी त्याचा थेट संबंध नाही, पण स्टाँटन ज्या छावणीतून निघाला तिच्या घडणीच्या काळातला तो अधिकारी. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरने नोंदवले आहे की शिरूरचे लोक वॉलेसला ‘सत्पुरुष’ म्हणून ओळखत. ब्राह्मण आणि मारवाडी सोडून शहरातले व आसपासच्या गावांतले हिंदू त्याच्या कबरीला भजत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य तिथे आणत.

पुणे जिल्ह्यात असे दुसरे उदाहरण मावळात आहे. 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्याजवळ मारला गेलेला कंपनीचा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा मराठ्यांच्या तोंडी ‘इष्टुर फाकडा’ झाला आणि वडगावच्या त्याच्या कबरीलाही लोक मानू लागले. लढाई संपली की शत्रूच्या माणसातले धाडस किंवा भलेपणा आठवणीत ठेवायचा आणि त्याला आपल्या देवस्थानांच्या रीतीत सामावून घ्यायचे, ही ग्रामीण महाराष्ट्राची सवय या दोन कबरींमध्ये दिसते. स्तंभ हे सत्तेने उभारलेले स्मारक आहे. कबरीपुढचा नैवेद्य ही लोकांनी आपण होऊन जपलेली आठवण.

पलटणी, पदके आणि कागद

काही खुणा भीमाकाठापासून दूर गेल्या. स्टाँटनची पलटण पुढे ग्रेनेडियर्स म्हणून नावारूपाला आली आणि भारतीय सैन्याच्या आजच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटच्या वंशात ती मोडते. घोडदळाची तुकडी पुढे पूना हॉर्स झाली. दोन्हींना ‘कोरेगाव’ हा युद्धसन्मान मिळाला. कंपनीने 1851 मध्ये काढलेल्या आर्मी ऑफ इंडिया पदकावरही कोरेगावची वेगळी पट्टी होती. जे शिपाई तोवर हयात होते, त्यांनाच तिचा लाभ झाला.

1892 च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या समाजातल्या शिपायांची नावे स्तंभावर कोरली त्याच समाजाला लष्कराचे दार लावले गेले. या अन्यायाविरुद्ध महार समाजातले पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारकडे सतत अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात 1917 मध्ये 111 महार्स ही पलटण उभी राहिली, पण युद्धानंतर 1921 मध्ये तीही मोडली. महार रेजिमेंट स्थापन झाली ती 1 ऑक्टोबर 1941 रोजी, बेळगावात. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर ते चिन्ह बदलले.

कागदावरच्या खुणा म्हणजे स्टाँटनचा अहवाल, एल्फिन्स्टनच्या नोंदी, ग्रँट डफचा इतिहास आणि गॅझेटिअर. या चारही गोष्टी इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून आलेल्या आहेत. त्यांतले आकडे आणि वेळा उपयोगी आहेत. पण पेशव्याची फौज एवढी मोठी असून तिने हल्ल्यात किती माणसे घातली, तोफा कशा वापरल्या, हे या कागदांतून तपासून घ्यावे लागते. 28 हजारांच्या फौजेने एकदम हल्ला केला नव्हता. गावात शिरलेल्या तुकड्या मिळून दोन हजारांच्याही आत होत्या. हा तपशील सुटला की लढाईचे चित्र एका बाजूने फुगते.

जिवंत खूण

1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्तंभापाशी आले. त्या भेटीने या वास्तूचा अर्थ बदलला. कंपनीने स्वतःच्या विजयासाठी उभारलेला स्तंभ हा माणूसपणाचा हक्क मागणाऱ्या लोकांच्या पूर्वजांच्या पराक्रमाची साक्ष बनला. पेशवाईतली अस्पृश्यता ज्यांनी सोसली, त्यांच्या वारसांना इथे आपल्या माणसांची नावे सापडली. तेव्हापासून दरवर्षी 1 जानेवारीला लोक स्तंभाला अभिवादन करायला येतात. आज राज्यातून आणि बाहेरून येणाऱ्यांची संख्या लाखांत असते.

2018 मध्ये लढाईला 200 वर्षे झाली, त्या दिवशी कोरेगाव आणि सणसवाडी परिसरात हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. त्याच्या चौकशीसाठी राज्य सरकारने न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. एका लढाईच्या खुणेभोवती दोनशे वर्षांनी माणसे मरावीत, ही अतिशय दुःखाची गोष्ट आहे. इतिहासाची घाईने केलेली मांडणी किती महाग पडते, हे त्यातून दिसले.

भीमाकाठी या लढाईच्या आधीच्या खुणाही आहेत. नदीच्या वरच्या अंगाला तुळापूर आणि शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक ही गावे 1689 मधल्या छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानाशी जोडलेली आहेत. खालच्या अंगाला, दौंडपासून जवळ, पेडगावचा बहादूरगड आहे. मोगलांनी तिथे महाराजांना कैद करून नेले होते. भीमेचे हे खोरे सैन्यांच्या जाण्या-येण्याचे होते, म्हणून त्याच्या काठी एकावर एक थर साचले. प्रत्येक थर वेगळ्या काळाचा आहे आणि तो त्या काळाच्या कसोटीवरच पाहिला पाहिजे.

खुणांचे जतन

कोरेगावच्या लढाईची एकही खूण एकटी पुरेशी नाही. स्तंभ नावे सांगतो, पण एकाच बाजूची. कागद वेळा आणि आकडे सांगतात, पण लिहिणाऱ्याच्या नजरेतून. नदीचे पात्र लढाईची कारणे सांगते, शिरूर तिचा आरंभ आणि शेवट. वॉलेसची कबर लोकांच्या आठवणीची रीत दाखवते आणि 1 जानेवारीची गर्दी त्या आठवणीचा आजचा अर्थ.

जतनासाठी करण्याजोगी कामेही यातूनच निघतात. स्तंभावरच्या सर्व लेखांचे आणि नावांचे अचूक वाचन करून ते मराठीत स्तंभापाशीच वाचायला ठेवता येईल. कोरेगावच्या गावठाणाचा 1818 मधला आकार जुन्या नकाशांवरून आखता येईल. शिरूरच्या जुन्या कबरींची नीट नोंद आणि डागडुजी करता येईल. शिरूर ते पेरणे या वाटेवर लढाईच्या टप्प्यांचे साधे फलक लावता येतील, आणि त्यांवर दोन्ही बाजूंच्या मृतांचा उल्लेख असावा. शाळेच्या सहलीला घोडनदीपासून निघून भीमेच्या पुलापर्यंत येता आले, तर मुलांना ही लढाई पायाखालच्या वाटेसकट कळेल.